पेटीचं पहिलं बटण

माझ्या दुकानाची एक रीत आहे. गाडीत कुठलंही नवं काम केलं, मग तो साधा हॉर्न असो की मागच्या बाजूला बसवलेला फ्रिज, पहिलं बटण मी दाबत नाही. ज्याची गाडी, त्याच्या घरचं माणूस दाबतं. हे आजोबांपासून चालत आलंय. आजोबा जटका, म्हणजे इकडचा टांगा, हाकायचे आणि दुसऱ्यांच्या जटक्यांचं सामानही बांधून द्यायचे. नवा लगाम चढवला की तो पहिल्यांदा मालकाच्या घरच्या कुणीतरी हातात धरायचा. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या, आणि वडिलांनी लगामाच्या जागी बटण आणलं. लोकांना ही फार पवित्र गोष्ट वाटते. असेलही. मला त्यातला दुसरा फायदा जास्त आवडतो. काम बिघडायचं असेल तर ते मालकाच्या डोळ्यांदेखत बिघडतं, मागाहून कुणी भांडायला येत नाही.

बटण दाबायला लोक हौसेनं येतात. एका केटररनं आपल्या म्हाताऱ्या आईला त्यासाठी खास रिक्षा करून आणलं होतं. पुण्याहून इथं आलेल्या एका तरुण जोडप्यानं, दोघंही कंप्युटरवाले, सुट्टीत गाडीतच राहायचं म्हणून आत दिवे-पंखे बसवून घेतले. त्यांचं बटण कोण दाबणार यावरून माझ्या दारात जे भांडण झालं, त्याची मजा बंगळूरच्या बसवनगुडीतली आमची गल्ली अजून सांगते. पण बटण दाबायला नको म्हणणारा मालक मला कधी भेटला नव्हता. तो भेटला आमच्या समाजाच्या मुक्तिवाहनाच्या वेळी.

मुक्तिवाहन म्हणजे अंत्ययात्रेची गाडी. बंगळूरात आमच्यासारखी जुनी मराठी घरं बरीच आहेत. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून आली आणि इथलीच होऊन गेली. घरात मराठी बोलायचं, दाराबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. या घरांचं एक मंडळ आहे आणि मंडळाची ही एक गाडी. गाडीत काचेचं झाकण असलेली थंड पेटी आहे. आताशा कुणाची मुलं कुठं, कुणाची कुठं. ती येईपर्यंत गेलेलं माणूस त्या पेटीत थांबतं. ही पेटी मंडळाला दिली माझ्या थोरल्या बहिणीनं, मालनअक्कानं.

का दिली तेही सांगतो. अक्काचे यजमान, आमचे विश्वेश्वर भावोजी, तीन वर्षांपूर्वी गेले. एकुलता एक मुलगा यशोवर्धन मेलबर्नला. तो निघाला म्हणून फोन आला. आम्ही भाड्यानं थंड पेटी आणली, आणि भर उन्हाळ्याच्या दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. पेटी बंद पडली. मी बर्फ आणायला धावलो. मार्केटातून लाद्या घेऊन परत येतो तर तिरडी बांधून झालेली. अग्नी दिराच्या मुलानं दिला. यशोवर्धन पोचला तेव्हा बापाच्या जागी नुसता दिवा होता. तो कुणाशी भांडला नाही. दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "थांबला नाहीत तुम्ही." दिवसकार्य उरकून गेला तो पुन्हा आला नाही. दर रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो, गोळ्या घेतल्यास का विचारतो, आणि ठेवतो.

त्या घाईचं खापर मी रत्नाकरावर फोडलं होतं. रत्नाकर मंडळाचा सेक्रेटरी. लग्न असो की मौत, त्याला सगळं आटोपायची घाई. त्या दिवसापासून मी त्याच्याशी धड बोलत नव्हतो. मी टोमणा मारला की तो मुकाट खाली बघायचा, त्यामुळे माझी खात्रीच पटली होती.

अक्कानं मात्र कुणाला बोल लावला नाही. वर्षश्राद्ध झालं आणि तिनं पेटी दिली. "पुन्हा कुणाच्या पोराला असं रिकामं घर बघायला लागू नये," म्हणाली. सगळ्यांचे डोळे भरून आले. पण तिच्या मनातलं आणखी एक फक्त मला ठाऊक होतं. अक्काचं हृदय आता निम्म्यावरच चालतं, आणि ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. "मी गेल्यावर यशाला माझं तोंड बघायला मिळालं पाहिजे, विठू," ती मला म्हणाली होती. "बापाचं राहिलं. माझं राहू नये." एवढी एकच इच्छा, आणि ती त्या पेटीच्या हवाली.

त्याच पेटीनं शहराबाहेरच्या आनेकल गावी दगा दिला. पेटी गाडीच्या बॅटरीवरच जोडलेली होती. गाडी चालू असेपर्यंत ठीक. पण आनेकलला लोक मुलीची वाट बघत थांबले, ड्रायव्हर मल्लाप्पानं इंजिन बंद केलं, आणि पेटीनं सगळी बॅटरी पिऊन टाकली. निघायच्या वेळी गाडी सुरूच होईना. खांदा द्यायला आलेल्या माणसांनी शेवटी गाडीला धक्का दिला. हे मला सांगताना मल्लाप्पा माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होता. "अण्णा, घरच्यांना वाटलं, अजून जायचं नाही त्यांना," तो कन्नडमध्ये म्हणाला. "आजूबाजूचे हसले. मला गाडीखाली शिरावंसं वाटलं."

मंडळानं गाडी माझ्याकडे पाठवली ती अशी. ती दारात उभी राहिली आणि गल्ली एकदम सभ्य झाली. समोरच्या फुलवालीनं टोपली उचलून पलीकडे नेली. चहावाल्यानं माझा चहा लांबूनच ठेवला. दोन गिऱ्हाइकं 'नंतर येतो' म्हणून गेली ती गेलीच. मला राग आला. रोज ज्या रस्त्यावर रिक्षा अंगावर घालतात, तिथं माणसांना एका उभ्या गाडीची भीती वाटते. मी मुद्दाम चहाचा पेला गाडीच्या बॉनेटवर ठेवून प्यायलो.

काम सुरू झालं त्या सकाळी अक्का आली. घर जवळच, पण आता तेवढं अंतरही तिला मध्ये एकदा बसून काटावं लागतं. मी प्लास्टिकची खुर्ची दिली. तिनं ती उचलायला लावून बरोबर गाडीच्या मागच्या दारासमोर ठेवून घेतली.

"काय करतोस ते सांग," ती म्हणाली. "समजेल असं सांग. मला खात्री पाहिजे."

"आता दोन बॅटऱ्या होणार अक्का. जुनी गाडी सुरू करायला. नवी, मोठी, नुसती पेटीसाठी. आणि हा डबा मध्ये." मी स्विचिंगचा डबा तिच्या हातात दिला. जेवणाच्या डब्याएवढाच, पण जड. "इंजिन चालू असलं की हा दोन्ही बॅटऱ्या भरू देतो. इंजिन बंद झालं की दोघींना वेगळं करतो. मग पेटीला पाहिजे तेवढी तहान लागू दे, पहिल्या बॅटरीला ती हात लावू शकत नाही. गाडी सुरू होणार म्हणजे होणार."

"आणि घरापाशी उभी केली तर?"

"घरातला प्लग लावायचा. तेव्हा पेटी घरच्या करंटवर. करंट गेला की हा डबा आपोआप पेटीला बॅटरीवर घेतो. कुणी धावायला नको."

"कुणी धावायला नको," अक्कानं माझे शब्द पुन्हा म्हटले, आणि डबा मांडीवर ठेवून बसली. मला तो परत मागावा लागला.

वायरिंगचं काम बघायला काही मजेचं नसतं. अंगठ्याएवढी जाड केबल ओढायची, तिला तांब्याचं टोक दाबून बसवायचं, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज द्यायचा. मागच्या वेळी ज्यानं काम केलं होतं, त्यानं अर्थिंगची वायर रंगावरच कसली होती. रंगावर कसलेली वायर दिसायला घट्ट असते, पण आतून करंटला वाट नसते. मी रंग खरवडून खालचं लोखंड उघडं केलं, मग कसली. मल्लाप्पा बॅटरी धरून उभा. अक्का सगळं बघत होती. मधूनच 'हे कशाला', 'ते कशाला' विचारायची, आणि उत्तर पटलं की कन्नडमधलं 'सरी', म्हणजे ठीक, म्हणायची.

दुपारी बारीकसारीक चाचणी झाली. चाचणीसाठी मी पेटीची वायर काढून त्या जागी एक साधा दिवा लावला, कारण पेटी चालू करायचा मान मालकाचा. दुकानातल्या प्लगवर दिवा लागला. मग मी मेन स्विच पाडला. डब्यात टक् झालं, दिवा क्षणभर विझला आणि पुन्हा लागला.

"गेला की मध्ये!" अक्का खुर्चीतून अर्धी उठली.

"जायलाच पाहिजे, अक्का. एक सोडल्याशिवाय दुसरं धरता येत नाही. घरचा करंट आणि बॅटरी, दोन्ही एकदम धरले तर सगळं जळेल. तेवढा डोळा मिटतो. पेटीला ते कळतसुद्धा नाही."

"मला कळलं," ती म्हणाली आणि छातीवर हात ठेवून बसून राहिली.

मग बटणाची वेळ आली. मंडळाची तीन माणसं आली होती. मी त्यांना रीत सांगितली. अध्यक्षांचा गुडघा एकदम दुखायला लागला, गाडीची पायरी चढणं अशक्य. खजिनदारांनी सकाळपासून पित्त झाल्याचं सांगितलं. रत्नाकर खालीच बघत म्हणाला, "अण्णा, नातीचं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात." पेटी जुनी होती, त्यातून कितीतरी माणसं गेली होती. पण बटण नवं होतं, आणि जो पहिल्यांदा दाबेल त्याचाच नंबर आधी लागेल हे तिघांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. समाजाच्या सभेत माईक सोडत नाहीत हे लोक! मला हसूही आलं आणि चीडही.

"मंडळ कसलं मालक?" अक्का मध्येच म्हणाली. "पेटी आमच्या घरानं दिली. आमच्या घरचा कर्ता यशा. तो दाबेल."

ती हे सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, पण मी तिचा सख्खा भाऊ आहे. लहानपणी एखादी गोष्ट फार हवी असली की ती असंच भिंतीकडे बघून बोलायची. तिला पोरगा यायला हवा होता, आणि बोलवायला हे एक कारण सापडलं होतं. मलाही ते पसंत पडलं. "मग ठरलं," मी मंडळाला सांगितलं. "यशोवर्धन येऊन बटण दाबेपर्यंत गाडी माझ्या दारातून हलणार नाही. दुकानाची रीत आहे." ते तिघे चरफडत गेले. रीतीपुढे आमच्या समाजात कुणाचं चालत नाही, याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला.

संध्याकाळी मीच भाच्याला फोन लावला. सगळं सांगितलं.

"मामा," तो म्हणाला, "त्या गाडीचं बटण दाबायला मी एवढ्या लांबून यायचं?"

"हो. आणि आईला भेटायला. कुठलं आधी ते तू ठरव."

मग त्याचा आवाज बदलला, ऑफिसातला झाला. "मामा, सिंपल आहे. स्विचला एक वायफायचं मॉड्यूल लाव. लिंक पाठवतो, उद्या डिलिव्हर होईल. मी इथून ॲपवर दाबतो. व्हिडिओ ऑन ठेव, आईला दिसेल. रीतपण राहील."

माझ्या तोंडात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी फोन ठेवला. तिथून बटण दाबणार म्हणे! उद्या तिथूनच अग्नीही देईल, त्याचंही ॲप निघेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आली ती खुशीत. नेसलेली साडीही चांगली होती. "यशाचा फोन आला होता," खुर्चीत बसता बसताच म्हणाली. "रविवार नसताना. तिकडून दाबतो म्हणून म्हणाला. वस्तू आज येते म्हणे. बरं की रे, विठू. त्याचाच हात लागणार, नाही का?"

त्या साडीकडे बघून मला इतकं वाईट वाटलं की त्याचा रागच झाला. "नाही लावणार," मी म्हणालो.

"का म्हणून?"

"का म्हणजे? जिवंत आईला भेटायला येत नाही तो, आणि तू त्याच्यासाठी मेल्यावर थांबायची तयारी करतेस. ही पेटी, ही बॅटरी, हा डबा, कुणासाठी चाललंय हे सगळं? तो आत्ता येऊ शकतो. विमानं बंद आहेत का?"

"ओरडू नको. लोक बघतात."

"बघू देत. त्याला राग कसला आहे? आम्ही थांबलो नाही हा ना? मग रत्नाकरावर काढ म्हणावं. त्यानं घाई केली, शिक्षा तुला का?"

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मल्लाप्पाला मराठी कळत नाही, पण बाईमाणूस गप्प झालेलं कळतं. तो उठून चहाच्या दुकानाकडे गेला.

"रत्नाकरानं नाही केली," अक्का म्हणाली.

"मग कुणी?"

"मी." ती गाडीच्या उघड्या दारातून आत, पेटीकडे बघत होती. "तू बर्फाला गेलास. पेटी बंद. मी जवळच बसले होते. उन्हाळा केवढा होता तुला ठाऊक आहे. चेहरा बदलायला लागला रे. आधी ओठाजवळ, मग... ते दिसेनात मला त्यात. बर्फ येईपर्यंत थांबले असते तर यशा येईपर्यंतही थांबता आलं असतं कदाचित. पण त्यानं येऊन तसला बाप बघायचा आणि आयुष्यभर तोच आठवायचा? मी रत्नाकराला आत बोलावलं आणि सांगितलं, उचला. आणि मी सांगितलं म्हणून कुणाला बोलू नका म्हणाले. त्यानं शब्द पाळला बिचाऱ्यानं."

भावोजींचा चेहरा मी शेवटी पाहिला तो बर्फाला जाण्याआधी. नंतर तोंडावर कापड होतं, आणि का होतं हे मी कधी विचारलंही नव्हतं.

"यशाला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुझ्या बापाला मी तुझ्यापासून काढून घेतलं म्हणून? तो दारात उभा राहून म्हणाला ना, थांबला नाहीत तुम्ही, तेव्हाच जीभ टाळूला चिकटली. मग म्हटलं, पेटी देऊ. माझ्या वेळी तरी त्याला चांगला चेहरा बघू दे. फिटेल मग."

"आणि हे त्याला कधी कळणार?"

"कधीतरी सांगेनच की. फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही?"

"मग कुठून सांगणार आहेस?" मी म्हणालो. "पेटीतून?"

तोंडातून गेलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. आजारी बहिणीला कुणी असं बोलतं का? पण शब्द गेले होते, आणि खरं सांगायचं तर ते खोटेही नव्हते. ती पेटी चेहरा राखू शकते. मी दोनच काय दहा बॅटऱ्या जोडल्या तरी तिच्यातून एक शब्द बाहेर येणार नव्हता. हे मला चांगलं माहीत होतं आणि तरीही मी कालपासून इतकं मन लावून केबल कसत होतो, जणू तिच्या मनातलं सगळं त्याच केबलमधून जाणार आहे.

अक्का रडली नाही. "स्वल्प पाणी दे," एवढंच म्हणाली. मी पाणी दिलं. ती हळूहळू, घोट घोट प्यायली.

तेवढ्यात रत्नाकर आला. स्कूटर कशीबशी स्टँडवर लावली, हेल्मेट डोक्यावर तसंच. "अण्णा, गाडी पाहिजे," म्हणाला. "आत्ता. होसकोट्याला नागपूरकडचं एक कुटुंब आहे, कारखान्यात नोकरी. आजोबा गेले सकाळी. थोरला मुलगा तिकडून निघालाय, पोचायला उद्या उजाडेल. त्यांच्या घरात एक खोली, करंटचा भरवसा नाही. दुसरी गाडी कुठं मिळत नाही, सगळीकडे विचारलं." मग माझ्याकडे बघत जरा घाबरत म्हणाला, "तुमची रीत मला ठाऊक आहे. मीच दाबतो. नातीचं लग्न देव बघून घेईल."

मी त्या माणसाकडे बघत राहिलो. तीन वर्षं माझी बोलणी खाल्ली आणि एक शब्द उलट बोलला नाही. मी कसला मोठा रीतवाला लागून गेलो होतो! गाडी अडवून भाच्याला ओढून आणायचा माझा डाव, आणि तिकडे होसकोट्याला कुणाचा तरी मुलगा रस्त्यात.

"तू नको," अक्का म्हणाली. ती माझ्या खांद्याला धरून उठली. "घरची मी आहे की. कुठलं बटण ते दाखव, विठू."

"अक्का, यशोवर्धन..."

"यशाचा बाप नाही गेला आज. दुसऱ्या पोराचा गेलाय."

गाडीची पायरी उंच होती. रत्नाकर एका बाजूनं, मी एका बाजूनं, असं तिला वर चढवलं. अध्यक्षांच्या गुडघ्यापेक्षा तिचे गुडघे दहा वर्षांनी म्हातारे असतील. आत उभी राहून तिनं पेटीच्या काचेवर एकदा हात फिरवला, धूळ आहे का बघितल्यासारखा. मी पेटीची वायर जोडली आणि बटण दाखवलं. तिनं देवाचं नाव घेतलं की नाही मला ऐकू आलं नाही. अंगठ्यानं बटण दाबलं. टक् झालं, पेटी घुमायला लागली, काचेच्या आतला हिरवा दिवा लागला.

"चालू झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मग उतरव मला. त्यांना उशीर होतोय."

मी तिला खाली घेतलं. मल्लाप्पा धावत आला, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. त्यानं मुद्दाम एकदा बंद केली, पुन्हा सुरू केली आणि माझ्याकडे बघून हसला. रत्नाकर त्याच्या शेजारी बसला. गाडी निघताना मी खिडकीपाशी गेलो. "उद्या परत आलास की ये," मी रत्नाकरला म्हणालो. "चहा घेऊ." त्यानं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि मान हलवली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी फुलवाली टोपली घेऊन जागेवर परत आली. अक्का अजून खुर्चीतच होती, पण समोर आता नुसता रस्ता होता.

"यशाला फोन लाव," ती म्हणाली.

"ऑफिसात असेल तो."

"असू दे. लाव."

मी लावला आणि तिच्या हातात दिला. बाजूला जावं असं वाटलं, पण तिनं माझी बाही धरून ठेवली होती.

"यशा? हां. कामात आहेस? असू दे. बसलायस का उभा? बस. ती वस्तू आली तर परत पाठवायला सांगते मामाला. बटण मी दाबलं. नाही रे, राग कसला? गाडीची गरज लागली कुणाला तरी... ऐक. मध्ये बोलू नको, नाहीतर माझं राहील. बाबांना लवकर न्या म्हणून मीच सांगितलं. मामानं नाही. रत्नाकर काकांनी नाही. मी. करंट गेला होता. त्यांचा चेहरा... तुझ्या बापासारखा राहिला नव्हता बाळा. तुला तो दिसू नये म्हणून मी उचलायला लावलं. तुझं चांगलं करते असं वाटलं मला. चुकलं असेल. तुला विचारायला पाहिजे होतं. तू वर आकाशात, विमानात, तुला कुठून विचारणार होते?"

रस्त्यावरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. अक्कानं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"आणि अजून एक. ती पेटी लोकांसाठी दिली आहे, लोकांसाठीच राहू दे. मला तिच्यात पडून तुझी वाट बघायची नाही. मी गॅलरीत बसून बघते. डोळे उघडे ठेवून. मला बोलायचंय तुझ्याशी, भांडायचं असेल तर भांड. पण मी उत्तर देऊ शकेन अशी आहे तोवर ये."

मग ती ऐकत राहिली. ऐकतच राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, त्यावर काही उमटेना. शेवटी तिनं फोन कानापासून दूर धरला, उलटा करून बघितला आणि माझ्यापुढे केला.

"काही ऐकू येत नाही रे. बोलत होता, आणि मध्येच गेला. बिघडलाय का बघ."

मी फोन कानाला लावला. लाईन चालू होती. पलीकडे ऑफिसातली माणसं कुठंतरी लांब इंग्रजीत बोलत होती, आणि अगदी जवळ, तोंड दाबून, माझा भाचा रडत होता.

मी फोन पुन्हा अक्काच्या हातात दिला आणि तिच्या कानाशी नीट लावून धरला.

"फोन बरा आहे, अक्का," मी म्हणालो. "ठेवू नकोस."